मोजलात तो ताण, यंग मॉड्युलस नव्हे

प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत दरवर्षी कुणीतरी स्लाइड लावतंच: ‘लेझर व्हायब्रोमीटरने सिलिकॉन नायट्राइड मेम्ब्रेनचा यंग मॉड्युलस काढला.’ काढलेला नसतो. यंग मॉड्युलस म्हणजे पदार्थ मुळात किती ताठ आहे त्याचं माप; ताण म्हणजे हा अतिपातळ पडदा, म्हणजे मेम्ब्रेन, किती खेचून बसलाय ते.

व्हायब्रोमीटर तुम्हाला ठाऊक आहे. मेम्ब्रेनवरून परतलेल्या लेझर प्रकाशाच्या डॉप्लर बदलावरून थरथरीचा वेग, त्यावरून अनुनादाची वारंवारता. दुसरी पद्धत बल्ज टेस्टची: मेम्ब्रेन मागून हवेने फुगवायचं आणि इंटरफेरोमीटरचे पट्टे मोजायचे. हीलियम-निऑन लेझरला दर पट्ट्यामागे सुमारे 316 नॅनोमीटर फुगवटा. एकात मेम्ब्रेन थरथरतं, दुसऱ्यात फुगतं. एवढं सगळ्यांना पाठ असतं.

घोळ पुढे आहे. गणपतीआधी नदीकाठी ढोल-पथकांचा सराव ऐकला असेल. दोऱ्या आवळल्या की आवाज चढतो. पान (ढोलाचं कातडं) तेच, वाढला तो ताण. ताणलेल्या गोल मेम्ब्रेनच्या मूळ वारंवारतेत त्रिज्या, घनता आणि ताण एवढंच येतं. यंग मॉड्युलस नाही, जाडीसुद्धा नाही. (तबल्याचं उदाहरण देऊ नका, शाईमुळे तिथे सगळीकडे वजन सारखं नसतं.)

तरी लोक ताण नसलेल्या प्लेटचं सूत्र लावतात, ज्यात वारंवारता मॉड्युलसवर ठरते. अर्धा मिलिमीटर त्रिज्या, 100 नॅनोमीटर जाडी, 1 गिगापास्कल ताण धरा. मेम्ब्रेन सुमारे 435 किलोहर्ट्झला वाजेल. प्लेटच्या सूत्राने यायला हवेत जेमतेम 1.7. मॉड्युलस वारंवारतेच्या वर्गाने जातो, म्हणजे उत्तर साठ हजार पटींहून जास्त फुगणार. हिरासुद्धा लाजेल असा आकडा मी स्लाइडवर पाहिलाय, तोही चार दशांश स्थळांपर्यंत!

बल्ज टेस्टच्या समीकरणात दोन पदं असतात. फुगवट्याच्या पहिल्या घाताचं पद ताणाचं, तिसऱ्या घाताचं मॉड्युलसचं. म्हणून भित्रेपणाने थोडंसंच फुगवलं तर इथेही ताणच हाती लागतो. वरच्याच मेम्ब्रेनला अडीच मायक्रॉन फुगवा, मॉड्युलसचं पद ताणाच्या पदाच्या अर्धा टक्का भरतं. पंधरा मायक्रॉनला ते वीस टक्क्यांवर जातं. त्यासाठी पाव वातावरणाहून थोडा जास्त दाब लागतो. फुटेल म्हणून घाबरत असाल तर दोन-चार नमुने जास्तीचे ठेवा.

माझी पद्धत ठरलेली आहे. ताण व्हायब्रोमीटरने, तोही निर्वातात, कारण एवढ्या पातळ मेम्ब्रेनला भोवतालच्या हवेचंही ओझं होतं. मग तो ताण पक्का धरून बल्जच्या आलेखातून फक्त मॉड्युलस. आणि जाडी एलिप्सोमीटरने (प्रकाशाने पातळ थराची जाडी मोजणाऱ्या यंत्राने) स्वतः मोजा, वेफरच्या (सिलिकॉनच्या चकतीच्या) डबीवरच्या चिठ्ठीवरून उतरवू नका.