स्मोक डिटेक्टर काढून उलटा करा, मागे तारीख असते

मागच्या श्रावणात पहाटे साडेतीनला बहिणीचा फोन. गोव्यात पर्वरीला तिच्या फ्लॅटमध्ये बेडरूमच्या सिलिंगवरून मिनिटामिनिटाला बारीक "चीं" येतंय, बाळ उठून रडतंय, आधी तिला वाटलं पाल असेल. सकाळी जाऊन बघितलं तर स्मोक डिटेक्टर, धूर आला की वाजतो तो. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी नवीन घातली, संध्याकाळपर्यंत गप्प, मग परत चीं. शेवटी फिरवून खाली काढला, उलटा केला तेव्हा मागे छापलेलं दिसलं, २०११.

म्हणजे बॅटरी नवीन, डिटेक्टरच म्हातारा. याचं आयुष्य साधारण १० वर्षं धरतात आणि ती वर्षं बनवल्याच्या तारखेपासून मोजायची, आपण राहायला आलो तेव्हापासून नाही. फ्लॅटबरोबर तो सिलिंगला लावलेलाच मिळतो त्यामुळे हे कोणी सांगतच नाही आणि मला ते फार खटकतं, कारण चीं करणारा निदान सांगतो तरी, आतून संपलेला पण गप्प असलेला जास्त धोक्याचा. माणूस झोपेत असताना धुराच्या वासाने जाग येईलच याचा काही भरवसा नाही.

आता तो म्हातारा होतो म्हणजे काय होतं? गावच्या कौलारू घरात एखादं काचेचं कौल असतं, त्यातून उन्हाचा पट्टा खाली येतो, रांधणीत चूल पेटलेली असली की तो पट्टा स्पष्ट दिसतो कारण धुराचे कण उजेड चारी बाजूंना फेकतात. फोटोइलेक्ट्रिक, म्हणजे उजेडावर चालणाऱ्या डिटेक्टरात हेच चालतं. आत काळी डबी, एका बाजूला डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड उजेड देणारा एलईडी आणि सेन्सर असा तिरका बसवलेला की एरवी त्याच्यावर उजेड पडतच नाही, धूर शिरला की उजेड विखरून सेन्सरवर पडतो आणि अलार्म वाजतो. पण वर्षानुवर्षं बारीक धूळ आत बसते, तीही उजेड विखुरते, म्हणून जुना डिटेक्टर उगाच कोकलतो. उलट एलईडी हळूहळू मंद होतो, जाळी तुंबते, मग खरा धूर आला तरी त्याला उशिरा कळतं. दोन्हीकडून बिघाड.

दुसरा प्रकार आयोनायझेशनचा. त्यात अमेरिशियम-२४१ या किरणोत्सर्गी धातूचा मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी कण असतो, त्याच्या अल्फा किरणांनी दोन पट्ट्यांमधल्या हवेतून अगदी सूक्ष्म करंट वाहतो, धूर आला की करंट कमी होतो आणि अलार्म वाजतो. १९३० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये वॉल्टर येगर विषारी वायू ओळखणारं यंत्र बनवत होते, ते काही जमेना, म्हणून सिगरेट पेटवली आणि मीटरचा काटा हलला, तिथून हे सुरू झालं असं सांगतात. लोक म्हणतात दहा वर्षांत त्यातलं अमेरिशियम संपतं, पण त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, ४३२ वर्षं आहे, दहा वर्षांत दोन टक्केही कमी होत नाही. खराब होतं ते बाकीचं सगळं, सर्किट, बझर, जोडण्या. अल्फा किरण कागदानेही अडतात त्यामुळे सिलिंगवर असताना भ्यायचं कारण नाही, फक्त असा डिटेक्टर फोडू नका, कचऱ्यात जाळू नका, ज्यांच्याकडून घेतला त्यांना परत द्या.

गोव्यात वरून पावसाळा. जूनपासून हवेत इतकी ओल की डबीत बाष्प धरतं आणि धूर नसताना अलार्म, समुद्राजवळ खारं वारं, बॅटरीच्या क्लिपांवर हिरवट थर चढतो, आणि बारीक मुंग्या, कोळी आत शिरतात ते वेगळंच. चीं रात्रीच का सुरू होतं तेही बघा, पहाटे गारवा असतो किंवा रात्रभर एसी चालू, गारव्यात बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, संपत आलेल्या बॅटरीचा व्होल्टेज अजून खाली येतो आणि डिटेक्टर बोंब मारतो.

तेव्हा आधी बॅटरी बदला, क्लिपा कोरड्या कापडाने पुसा, बॅटरी काढलेली असतानाच टेस्ट बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेला चार्ज जातो, व्हॅक्यूम क्लीनरच्या मऊ ब्रशने जाळी साफ करा. एवढं करूनही चीं थांबलं नाही तर तारीख बघा, दहा वर्षं झाली असली तर दुरुस्तीच्या नादी लागू नका, नवीन आणा. महिन्यातून एकदा टेस्ट बटण दाबायचंच, पण त्याने बॅटरी, बझर, सर्किट कळतं, जाळी तुंबलीय का ते कळत नाही.

नवीन घेताना बेडरूम-हॉलला फोटोइलेक्ट्रिक घ्या, गादी किंवा वायर आतल्या आत धुमसते तेव्हा त्याला लवकर कळतं. चुलीपासून निदान ३ मीटर लांब, सिलिंग फॅनच्या पात्यांपासून मीटरभर लांब. रांधणीत मासे तळताना रोज वाजणार, तिथे हीट डिटेक्टर बरा. आणि चवथीला, म्हणजे गणपतीत, धूप-आरतीत वाजतो म्हणून बॅटरी काढून ठेवतात ना, ती माटोळी (गणपतीवर टांगलेली फळांची सजावट) उतरवायच्या दिवशी आठवणीने परत घाला, प्लीज, मी दोन घरांत ती दिवाळीपर्यंत शोकेसमध्ये पडलेली बघितलीय.

बहिणीकडे नवीन लावला, कडेला मार्करने मोठ्या आकड्यांत वर्ष लिहिलं म्हणजे खालून वाचता येतं. मग शेजारच्यांनी स्टूल आणून आपला काढून बघितला. त्यांच्याही मागे २०११ होतं, आणि त्यांचा कधी वाजलाच नव्हता.