क्लिंकर वेगळा, जमलेला बेड वेगळा

नवी मुंबईच्या रबाळे-महापे पट्ट्यात कोळसा सोडून ब्रिकेटवर (शेतातल्या काडीकचऱ्याच्या दाबून केलेल्या विटांवर) गेलेल्या बॉयलर हाउसमध्ये जा. एफबीसीत, म्हणजे खालून हवा मारून उसळत ठेवलेल्या वाळूच्या थरात (बेडमध्ये) इंधन जाळणाऱ्या भट्टीत, काहीही घट्ट झालं की शब्द ठरलेला, ‘क्लिंकर झाला’. उपायही ठरलेला: हवा वाढवा, सळई घाला.

क्लिंकर तुम्हाला ठाऊक आहे. राख स्वतः वितळते, गार झाली की काचेसारखी होते.

बेड जमायला मात्र राख वितळावीच लागते असं नाही. बेड म्हणजे बहुतेक वाळू, म्हणजे सिलिका. ती एकटी १७०० अंशांच्या आसपास वितळते. पण पेंढा, पऱ्हाट्या, सोयाबीनचं कुटार यांतलं पोटॅशियम वाळूवर बसलं की कणाच्या अंगावर सिलिकेटचा पातळ थर चढतो, आणि तो ८०० च्या आतही पाघळू शकतो. बेड तर चालतो ८०० ते ९०० वर. गोळा फोडून बघा: क्लिंकर गुळाच्या खड्यासारखा एकजीव, जमलेला बेड राजगिऱ्याच्या लाडवासारखा. दाणे शाबूत, मधला पाक तेवढा चकाकतो.

खरी फसगत लॅबच्या कागदावर होते. एका रात्रपाळीत बेडचे दोन थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) ८४० दाखवत होते, तिसरा ६९० वर घसरला होता, म्हणजे तिथली वाळू उसळत नव्हती; बेडखालच्या एअर बॉक्सचा हवेच्या दाबाचा काटा नाचत होता. मॅनेजर मात्र रिपोर्ट पुढे करून सांगत होते, ‘आयडीटी ११५० आहे, जमेलच कसा?’ आयडीटी म्हणजे लॅबमध्ये राखेचा छोटा सुळका तापवताना तो ज्या तापमानाला आकार सोडू लागतो ते. अहो, तो सुळका निव्वळ राखेचा. त्यात तुमची वाळू कुठे होती? शिवाय लॅबमध्ये राख बनवतानाच थोडं पोटॅशियम उडून जाऊ शकतं. सकाळी बेड उपसला तेव्हा कोपऱ्यात टोपलीएवढा गोळा निघाला.

म्हणून माझा हट्ट एकच: आधी वाळू बदला. म्हणजे रोज थोडा बेड खालून काढून (ड्रेन करून) ताजा माल टाका. परवडत असेल तर सिलिकाऐवजी बॉक्साइट. केओलिन (पांढरी चिनी माती) पोटॅशियमला धरून ठेवतं, तेही चालेल. बेड शक्य तितका थंड चालवा, कोळसा मिसळता आला तर मिसळा. काय टाकलंय ते न सांगता विकली जाणारी ‘अँटी-स्लॅग’ पावडर मी आत घेत नाही.

आणि ‘भाताचंच आहे ना’ म्हणत तुसाच्या जागी पेंढा पाठवणाऱ्या सप्लायरला गेटवरूनच परत पाठवा. तुसाच्या राखेत बहुतेक सिलिकाच, पोटॅशियम कमी. पेंढ्यात ते कितीतरी जास्त. पेंढा पावसात भिजून वाळलेला असेल तर थोडा बरा, पाण्याबरोबर पोटॅशियम आणि क्लोरीन बरंच निघून जातं.

थर्मोकपलमधला फरक ५० अंशांवर गेला की आम्ही फीड कमी करून ड्रेन उघडतो. सळईने गोळा फुटत नाही, खालून हवा सोडणाऱ्या नोझलच्या टोप्या तेवढ्या तुटतात.