पाच वर्षाच्या पोराला लस समजावायची तर त्याच्या हाताला काम द्या

सरकारी लसीकरणात ५ ते ६ वर्षांच्या मुलांना डीपीटीचा दुसरा बूस्टर (आधीच्या लशीचा जोर टिकवणारा वाढीव डोस) असतो, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात या तिन्हीसाठी. त्याआधीच्या बहुतेक लशी दोन वर्षांच्या आत उरकलेल्या असतात, तेव्हा बाळ रडतं आणि विसरून जातं. पण या बूस्टरच्या वेळी पोरगं बोलतं, शंभर प्रश्न विचारतं आणि सगळं लक्षात ठेवतं. लस म्हणजे काय हे सांगायला सुरुवात करायचं वय हेच.

आणि नेमकं याच वयात घराघरात काय चालतं? "गप बस, नायतर डॉक्टरकाका सुई टोचतील." चूक केली की शिक्षा कुठून तरी आपोआप येतेच असं लहान मुलांना वाटतं, हे पियाजे या मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्येच मांडलं होतं. त्यात आपण सुईची धमकी दिली की पोराच्या डोक्यात लस म्हणजे मस्तीची शिक्षा हे पक्कं बसतं, मग कितीही भारी कार्टून दाखवा, काही उपयोग नाही. दुसरी थाप म्हणजे "अजिबात दुखत नाही". जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये लस देतानाच्या वेदनेबद्दल जे सांगितलं त्यात अशी खोटी वाक्यं टाळा असं स्पष्ट आहे. थोडं दुखेल, एवढं खरं सांगितलं तरी पोरं ऐकतात.

आता मोबाईलवरचे गेम आणि व्हिडिओ. मला त्यातली एक गोष्ट खटकते, लस म्हणजे बंदूक आणि जंतू म्हणजे राक्षस, ठाँय ठाँय, संपलं. असं होतच नाही. लस जंतूला मारत नाही, ती शरीराला जंतूची ओळख करून देते, मेलेला किंवा अगदी कमजोर केलेला जंतू नाहीतर त्याचा छोटासा तुकडा दाखवते. तो बघून शरीर अँटिबॉडी, म्हणजे त्या जंतूला बरोबर बसून अडवणारी प्रथिनं, बनवायला शिकतं, याला दिवस लागतात, साधारण दोन आठवडे, आणि नंतर काही पेशी ती ओळख लक्षात ठेवून बसतात. खरा जंतू आला की तयारी आधीच झालेली असते. हे पाच वर्षाच्या मुलाला कळतं का? कळतं, पण नुसतं बघून नाही, करून. समजा स्क्रीनवर त्रिकोणी, चौकोनी, काटेरी जंतू येतायत आणि पोराने बोटाने त्यांना बसणारा आकार शोधून लावायचाय. पहिल्यांदा शोधायला वेळ लागतो तोवर बाहुली आजारी पडते. दुसऱ्या वेळी तोच जंतू आला की आकार वरच तयार ठेवलेला असतो, एका टचमध्ये काम होतं. बस, मेमरी सेल म्हणजे ती ओळख लक्षात ठेवणाऱ्या पेशी कळल्या, हा शब्द न वापरता.

मोबाईल नसला तरी चालतं हो. एका मुलाच्या तळहातावर गुलाल लावा, त्याने दोघांशी हात मिळवायचा, त्या दोघांनी अजून दोघांशी, बघता बघता सगळ्यांचे हात लाल. मग हात धुवून, बहुतेकांच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी घाला, ही झाली लस, गुलाल पिशवीवर लागला तर त्याने पुढे कुणाशी हात मिळवायचा नाही, आणि परत खेळा. गुलाल एकदोघांवर अडतो आणि ज्याने पिशवी घातलीच नव्हती त्याचाही हात बऱ्याचदा कोरा राहतो. तिथे सांगायचं, घरातली सहा महिन्यांची बहीण आहे ना, तिला गोवराची लस अजून मिळत नाही, ती नऊ महिने पूर्ण झाल्यावर मिळते, तोवर तुमच्या लशी तिला वाचवतात. (पिशवी बाहेरून असते, लस आतून काम करते, हेही सांगा, नाहीतर पोरं पिशवी घालून फिरतील.) गोवर इतका पसरतो की लस न घेतलेल्यांमध्ये एका रुग्णापासून १२ ते १८ जणांना होऊ शकतो, म्हणून ९५ टक्के मुलांचे दोन्ही डोस लागतात. २०२२ च्या शेवटी मुंबई, भिवंडी, मालेगावात गोवराची साथ आली ते आपण पाहिलंच.

आमच्या सोलापुरात अजून एक अडचण आहे, भाषा. शहराच्या पूर्व भागात विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या कितीतरी घरात तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, आणि खेळातला आवाज मात्र हिंदीत नाहीतर इंग्रजीत. पोराला चित्र कळतं, कारण कळत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेत डिसले गुरुजींनी पुस्तकात क्यूआर कोड आणले, २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज त्यांना मिळाला. मग अंगणवाडीच्या भिंतीवर तीन क्यूआर कोड लावून हाच आकार लावायचा खेळ मराठी, तेलुगू, कन्नडमध्ये ऐकवायला काय हरकत आहे? आशाताईंच्या मोबाईलवर उघडला तरी पुरे.

मात्र दोन वर्षांच्या आतल्या बाळाला यातलं काही दाखवू नका, ती स्क्रीनवरून फार कमी शिकतात, आणि २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसात एक तासापेक्षा जास्त स्क्रीन नको असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. मोठं माणूस शेजारी बसून "आता काय होईल रे?" विचारत असेल तर दहा मिनिटं पण भरपूर.

टोचायच्या वेळी मात्र शिकवणी बंद. पोराला आडवं न पाडता मांडीवर बसवा, सहा वर्षांच्या आत व्हिडिओ, गाणं, गप्पा यात लक्ष गुंतवलं की वेदना कमी जाणवते. गाणं त्यालाच निवडू द्या, आणि दंड एकदोन दिवस दुखेल, ताप येऊ शकेल, हे सुई टोचायच्या आधीच सांगून ठेवा.