आपत्कालीन प्रशासक प्रवेश

अतिभारामुळे नेहमीच्या वापरकर्त्यांना उत्तर देईनाशा झालेल्या संगणकात किंवा डेटाबेसमध्ये प्रशासकाला शिरता यावे, म्हणून आधीपासून राखून ठेवलेला स्वतंत्र मार्ग. ‘सर्व्हर बसला’ किंवा ‘लटकला’ असे लोक म्हणतात, ती ही वेळ. यंत्र बंद पडलेले नसते. पंखे फिरत असतात, दिवे लुकलुकत असतात, आत कामही चाललेले असते. फक्त नव्या माणसाला आत घ्यायला जागा उरलेली नसते.

मुळात लॉगिन हेही संगणकाच्या लेखी एक कामच आहे. त्याला मेमरी लागते, थ्रेड (काम पुढे नेणारा धागा) लागतो, जोडण्यांच्या ठरलेल्या संख्येतली एक जोडणी लागते. यांपैकी काहीतरी संपले म्हणून तर तक्रार आलेली असते, आणि दुरुस्त करणारा माणूसही त्याच रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहतो. आपत्कालीन प्रवेशाची कल्पना या पेचातून निघाली. प्रशासकाचा वाटा आधीच बाजूला काढायचा आणि कितीही गर्दी झाली तरी त्याला कोणाला हात लावू द्यायचा नाही.

कोल्हापूर जिल्ह्यात गळीत हंगामातला साखर कारखान्याचा वजनकाटा डोळ्यांसमोर आणला की हा पेच समजायला सोपा जातो. ट्रॅक्टर-ट्रॉली असो वा बैलगाडी, भरलेले वजन आणि रिकामे वजन नोंदल्याशिवाय गाडी सुटत नाही. समजा, जुन्या नोंदी दुरुस्त करायला कोणी डेटाबेसमध्ये एक व्यवहार (एकत्रच पुरा करायचा बदलांचा संच) उघडला आणि तो पुरा न करताच जेवायला गेला. त्या नोंदींना कुलूप लागलेले राहते. काट्यावरच्या कारकुनाने टाकलेले वजन अडकते. तो पुन्हा बटण दाबतो, आणखी एक विनंती रांगेत येते. बिलांचा विभाग, तोडणीच्या चिठ्ठ्यांचा विभाग, सगळे त्याच नोंदींपाशी येऊन थांबतात. थोड्या वेळात सर्व्हरचे सारे थ्रेड नुसत्या वाट पाहणाऱ्यांनी भरतात. प्रोसेसर जवळजवळ मोकळा असतो आणि तरी कोणालाच आत जाता येत नाही. बाहेर तोडलेला ऊस वाळत असतो, त्याचे वजन घटते, आणि ते नुकसान शेतकऱ्याच्या माथी बसते. म्हणून ही वाट केवळ संगणक विभागाच्या सोयीची बाब मानता येत नाही.

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये 2005च्या आवृत्तीपासून अशी खास प्रशासक जोडणी आहे. तिच्यासाठी स्वतंत्र शेड्यूलर (थ्रेडना पाळी देणारा) आणि थोडी मेमरी राखलेली असते, म्हणून बाकीचे सगळे थ्रेड अडकले तरी ती सहसा उघडते. सर्व्हरच्या नावाआधी ‘अ‍ॅडमिन’ (ADMIN) आणि अपूर्णविराम (:) लिहून ती मागतात. मूळ इन्स्टन्ससाठी, म्हणजे यंत्रावर वेगळे नाव न देता बसवलेल्या सर्व्हरसाठी, ती सहसा टीसीपीच्या 1434 क्रमांकाच्या पोर्टवर (नेटवर्कच्या दारावर) ऐकते. सर्वोच्च अधिकार असलेल्यालाच ती मिळते, आणि एका वेळी एकालाच. इथे नवखे हमखास फसतात. व्यवस्थापनाच्या खिडकीत डावीकडे वस्तूंची यादी उघडली, की ती यादी स्वतःच्या आणखी जोडण्या मागते आणि प्रवेश नाकारला जातो. त्यामुळे फक्त क्वेरीची (डेटाबेसला प्रश्न विचारण्याची) खिडकी उघडावी, किंवा सरळ कमांड लाइनवरून जावे. या जोडणीवर जड अहवाल काढायचे नसतात. बॅकअपसारखी समांतर चालणारी कामे तर ती करतच नाही.

मूळ मांडणीत ही जोडणी त्याच यंत्रावर बसलेल्या माणसाला मिळते. दुसऱ्या यंत्रावरून ती हवी असेल तर तशी परवानगी आधी चालू करून ठेवावी लागते. सर्व्हर बसल्यानंतर ही गोष्ट आठवून उपयोग नाही, कारण परवानगी चालू करायलाही आत जावेच लागते.

पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये मूळ मांडणीनुसार 100 जोडण्या असतात आणि त्यांतल्या 3 सर्वाधिकारी वापरकर्त्यासाठी राखीव. मायएसक्यूएलमध्ये 151 जोडण्या भरल्या तरी प्रशासकासाठी एक जास्तीची उरते, 8.0.14 या आवृत्तीपासून वेगळे प्रशासकीय पोर्टही देता येते. मात्र आपले रोजचे सॉफ्टवेअरच सर्वाधिकारी खात्याने जोडलेले असेल, तर हा राखीव वाटा तेच गिळून टाकते. छोट्या कार्यालयांत सोय म्हणून केलेली ही जोडणी सर्वांत घातक चूक आहे असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे. ओरॅकलमध्ये 10जी या आवृत्तीपासून पूर्ण सत्र (वापरकर्त्याची चालू जोडणी) न उघडता थेट सामायिक मेमरीशी जोडले जाण्याची सोय आहे. तिथून साध्या क्वेरी चालत नाहीत, पण कोण कुठे अडकले आहे याचे चित्र उतरवून घेता येते.

लिनक्समध्ये राखीव वाट्याची हीच रीत बऱ्याच ठिकाणी दिसते. एक्स्ट4 ही डिस्कवरची फाइल प्रणाली तयार होताना साधारण 5 टक्के जागा रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्यासाठी बाजूला राहते, म्हणजे डिस्क भरली तरी ती साफ करणाऱ्याला हालचाल करता येते. मेमरी पार संपली तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतःच एखादी प्रक्रिया (चालू प्रोग्राम) मारतो. दूरस्थ लॉगिन देणारी सेवा त्यात बळी पडू नये म्हणून तिला संरक्षण देता येते. कळफलकावरची सिस-रिक्वेस्ट कळ हा शेवटचा उपाय. बाकी काही ऐकत नसतानाही कर्नल बहुधा तिचे ऐकतो, अर्थात ती आधी पूर्ण बंद करून ठेवलेली नसेल तर.

आत शिरल्यावर पहिला प्रश्न एकच विचारायचा असतो: कोण कोणासाठी थांबले आहे? साखळी मागे मागे नेली की टोकाशी एक सत्र सापडते, जे स्वतः कोणासाठीच थांबलेले नसते. काट्याच्या उदाहरणात तो जेवायला गेलेला माणूस. तेवढेच सत्र तोडले की बाकीची रांग आपोआप सुटते. त्या सत्राने बरेच बदल केले असतील तर ते उलटवायला वेळ लागतो, आणि तेव्हा धीर धरावा लागतो. घाईने यंत्र बंद करून चालू केले, तर उरलेले उलटवण्याचे काम सहसा सुरू होताना पुन्हा पुढ्यात येते. शिवाय मेमरीतला पुरावा पुसला जातो, आणि कारण न कळल्यामुळे तोच सर्व्हर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसतो.

राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाणी ठरलेल्या पातळीला आले की आपले आपण उघडतात. संगणकाला असा दरवाजा सहसा नसतो, तिथे पातळीवर नजर ठेवावी लागते. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. मधल्या चार फुटांत नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीची माणसे जनावरांसह बाहेर पडू शकतात. 100 जोडण्यांच्या सर्व्हरवर 80व्या जोडणीला इशारा मिळण्याची सोय केली, तर असाच वेळ हाताशी राहतो. तेवढ्यात प्रशासकाने आपली एक जोडणी उघडून ठेवावी.

पुराचा संबंध याहून थेटही आहे. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021मध्ये शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर पाणी आले आणि वाहतूक बंद राहिली. अशा दिवशी सर्व्हर बसला, तर दुरुस्त करणारा माणूस यंत्रापर्यंत पोचेलच असे नाही. त्यासाठी सर्व्हरच्या आत वेगळा छोटा व्यवस्थापन नियंत्रक असतो. त्याला स्वतंत्र नेटवर्क जोडणी देता येते, आणि मुख्य यंत्र गुदमरले तरी तिथून पडदा, कळफलक व वीज यांवर ताबा मिळतो. या नियंत्रकाची जोडणी मुख्य सर्व्हरच्याच स्विचवर (नेटवर्कच्या तारा जोडणाऱ्या पेटीवर) असेल, तर तो स्विच बुडाल्यावर दोन्ही वाटा एकदमच जातात.

ही वाट चोरालाही तितकीच उपयोगी असल्याने ती उघड्या इंटरनेटवर कधीच ठेवत नाहीत. तिचे खाते रोजच्या खात्यांपासून वेगळे, पासवर्ड लांबलचक, आणि तो कागदावर लिहून सीलबंद पाकिटात कपाटात. पाकीट कोणी, कधी, कशासाठी फोडले याची वहीत नोंद होते, दोघांच्या सह्या होतात, आणि काम संपले की त्याच दिवशी पासवर्ड बदलून नवीन पाकीट बंद केले जाते.