बालरुग्णाचे चुकीचे निदान व नुकसानभरपाई (ग्रामीण विदर्भ)

डॉक्टरच्या निष्काळजीपणामुळे लहान मुलाच्या आजाराचे निदान चुकले आणि त्यातून अपंगत्व किंवा मृत्यू ओढवला, तर पालकांना कायद्याने भरपाई मागता येते. ग्रामीण विदर्भात हा हक्क बजावणे जड जाते, ते मुख्यतः कागद विखुरलेले असतात म्हणून. गावच्या डॉक्टरची चिठ्ठी एकीकडे, प्राथमिक आरोग्य केंद्राचा केसपेपर दुसरीकडे. तालुक्याच्या खासगी दवाखान्यात सलाइन लावलेली असते आणि तिथून लेकराला नागपूरच्या मेडिकलला (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) किंवा सेवाग्रामच्या रुग्णालयात ‘रेफर’ केलेले असते.

निदान चुकले म्हणजे निष्काळजीपणा झालाच, असे कायदा मानत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू खटल्यात (२००५) हे स्पष्ट केले. त्याच पात्रतेच्या दक्ष डॉक्टरने जे तपासले असते ते तपासले का, हा खरा प्रश्न. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या मुलाला मण्यार हा विषारी साप चावतो, तेव्हा दंशाच्या जागी बहुधा सूज किंवा वेदना नसते, खूणही दिसेलच असे नाही. पहाटे पोट दुखते, उलटी होते, मग पापण्या जड होतात. सुरुवातीला पोटदुखीचे औषध दिले गेले, हे एकवेळ समजून घेता येते. पापण्या मिटत असल्याचे आईने सांगूनही कुणी पाहिले नाही, तर ते समजून घेता येत नाही. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचेही तसेच. पूर्व विदर्भात हा आजार सर्वांना ठाऊक आहे. तिथे हातापायांची सूज व सांधेदुखी घेऊन वारंवार येणाऱ्या मुलाचे रक्त न तपासता संधिवाताची औषधे चालू ठेवल्यास डॉक्टरला त्याचे उत्तर द्यावे लागेल.

व्ही. किशन राव खटल्यात (२०१०) मलेरियाच्या रुग्णावर टायफॉइडचे उपचार झाले होते. चूक उघड असेल तर प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचे मत लागत नाही, असे न्यायालयाने त्यात म्हटले. तरीही दुसऱ्या बालरोगतज्ज्ञाचे लेखी मत जोडणे शहाणपणाचे. पूनम वर्मा खटल्यात (१९९६) होमिओपॅथीच्या डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधे देणे हाच निष्काळजीपणा ठरला. खेड्यांसाठी हा निकाल फार मोलाचा आहे.

पैसे घेणाऱ्या दवाखान्याविरुद्ध ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. वैद्यकीय सेवा या कायद्याच्या कक्षेत येते, हे १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालापासून पक्के आहे. तक्रार राहत्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे उपचार नागपुरात झाले तरी गडचिरोलीच्या पालकाला गडचिरोलीतच दाखल करता येते. वकील सक्तीचा नाही. आयोगाची फी मागितलेल्या भरपाईवर नव्हे, तर दवाखान्याला दिलेल्या रकमेवर ठरते आणि ही रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. मुदत मात्र २ वर्षांची. उशिराचे सबळ कारण पटले तर आयोग तो माफ करू शकतो, पण त्या भरवशावर राहू नये.

सर्वांवर मोफत उपचार करणारे सरकारी रुग्णालय या कायद्याबाहेर राहते. त्यासाठी दिवाणी दावा आहे. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रियेवेळी पोटात टॉवेल राहिल्याच्या अच्युतराव खोडवा प्रकरणात (१९९६) महाराष्ट्र शासनालाच जबाबदार धरले गेले.

सर्वांत आधी कागद मागावेत, तेही लेखी अर्जाने, पोच घेऊन. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागणीनंतर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात आणि दाखल रुग्णाच्या नोंदी ३ वर्षे जपाव्या लागतात. साध्या चिठ्ठ्या, औषधांच्या पावत्या, लॅबचे रिपोर्ट, रेफर करतानाची चिठ्ठी, काहीच फेकू नये. रेफरच्या चिठ्ठीवरची वेळ अनेकदा निर्णायक ठरते.

भरपाईत झालेला खर्च, पुढचे उपचार, मुलाचे अपंगत्व व पालकांचा मनस्ताप धरता येतो. स्प्रिंग मेडोज प्रकरणात (१९९८) प्रश्न चुकीच्या इंजेक्शनचा होता. तिथे मुलाला १२.५ लाख आणि आईवडिलांना वेगळे ५ लाख मिळाले, कारण पालकही ग्राहकच आहेत असे सर्वोच्च न्यायालयाने मानले. जिल्हा आयोगाच्या निकालावर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील होते. विदर्भासाठी त्याचे परिक्रमा (फिरते) खंडपीठ नागपुरात आहे.

स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती व जमाती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील देण्याची तरतूद १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात आहे. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.