चवथीच्या दिवसांत तिकडे हरिकेन येतं तेव्हा नेमकं काय बघायचं

आपली चवथ येते ऑगस्ट-सप्टेंबरात आणि अटलांटिकमधला हरिकेनचा, म्हणजे तिकडच्या चक्रीवादळांचा, सीझन शिगेला पोचतो तोही 10 सप्टेंबरच्या आसपास, त्यामुळे इकडे माटोळी बांधायची घाई चाललेली असते आणि ज्या घरातलं कोणी फ्लोरिडात, टेक्ससमध्ये नाहीतर कॅरिबियनच्या क्रूझवर आहे तिथे कोणाचातरी हात सारखा मोबाईलकडे जात असतो. गोव्यात अशी घरं थोडीथोडकी नाहीत. आणि मला मनापासून वाटतं की ही काळजी करताना आपण चुकीच्या आकड्याकडे बघत बसतो, म्हणून नको तेव्हा घाबरतो आणि नको तेव्हा निर्धास्त होतो.

तो आकडा म्हणजे कॅटेगरी. वारा ताशी 119 किलोमीटरच्या वर गेला की कॅटेगरी एक, 252 च्या वर गेला की पाच. बस, एवढंच. ती फक्त वाऱ्याचा वेग सांगते, पाऊस किती पडणार, समुद्र किती आत शिरणार, वादळाचा पसारा केवढा, यातलं काहीच त्यात नसतं.

2017 ची चवथ 25 ऑगस्टला होती. त्याच रात्री तिथल्या दहाच्या सुमारास, म्हणजे आपल्याकडे 26 ला सकाळी साडेआठला, हार्वी नावाचं हरिकेन टेक्ससला रॉकपोर्टजवळ धडकलं, कॅटेगरी चार. माझी मावसबहीण ह्यूस्टनला आणि मावशी फोंड्याला, घरात दीड दिवसाचा गणपती, विसर्जनाची तयारी आणि टीव्ही चालू. रॉकपोर्टपासून ह्यूस्टन अडीचशे किलोमीटर लांब, तेव्हा थोडा धीर होता, त्यात रात्री उशिरा बातमी आली की वारा पडला, आता ते हरिकेनसुद्धा राहिलं नाही. मावशी म्हणाली, म्हाळसा पावली गो. सगळे झोपले, आणि 27 ला सकाळी उठून बघतात तर ह्यूस्टनचे रस्ते पाण्याखाली.

झालं काय होतं, तर वादळाला पुढे ढकलणारे वरच्या थरातले वारे तेव्हा अगदी मंद होते, म्हणून हार्वी तिथल्या तिथे घुटमळत राहिलं आणि मेक्सिकोच्या आखातातल्या गरम पाण्यावरची वाफ ओढून ओढून कित्येक दिवस ओतत राहिलं. नेदरलँड नावाच्या टेक्ससमधल्याच एका गावी 1539 मिलिमीटर पावसाची नोंद झाली. गोव्यात वर्षभरात साधारण तीन हजार मिलिमीटर पडतो, त्याच्या निम्मा पाऊस आठवड्याच्या आत! टेक्ससमध्ये वादळाने थेट 68 माणसं गेली आणि त्यातली तीन सोडून बाकी सगळी पावसाच्या पुरात. मावसबहीण सुखरूप होती, वरच्या मजल्यावर राहायची म्हणून. तेव्हा आपल्या माणसाला विचारायचं ते हे, की घर सखल भागात आहे का, जवळ ओढा-नाला आहे का, कितव्या मजल्यावर राहता. फ्लोरिडात असेल तर इव्हॅक्युएशन झोन कुठला ते विचारा, समुद्राचं पाणी कुठवर येऊ शकतं यावरून तिथे ए पासून एफ पर्यंत झोन पाडलेत आणि घर सोडायचे आदेश त्याप्रमाणेच निघतात.

दुसरी गोष्ट म्हणजे वादळाच्या अंदाजाच्या नकाशावर पुढच्या वाटेवर रुंद होत गेलेला तो पांढरा कोन. बऱ्याच जणांना वाटतं की वादळ एवढं रुंद आहे आणि आपलं माणूस कोनाबाहेर असलं की सुटलं. तसं नाही. वादळाचा मध्यबिंदू कुठून कुठे जाऊ शकतो तेवढंच तो कोन दाखवतो, आणि तेही तीनातल्या दोन वेळा मध्य त्याच्या आत राहतो अशा बेताने, मागच्या पाच वर्षांच्या चुका मोजून आखलेला असतो. तीन दिवस आधीच्या अंदाजात आजही सरासरी दीडशे किलोमीटरच्या आसपास चूक होते, अख्खा गोवा पत्रादेवी ते पोळे सरळ मोजला तरी त्याहून कमीच भरेल. 2022 मध्ये फ्लोरिडातल्या इयान हरिकेनच्या वेळी आधी सगळ्यांचं लक्ष टॅम्पाकडे होतं आणि पाणी घुसलं ते दक्षिणेला फोर्ट मायर्सला. आपणही हे बघितलंय की, 16 मे 2021 ला तौक्तेचा मध्य गोव्याच्या किनाऱ्यावर आलाच नाही, समुद्रातूनच वर गुजरातकडे गेला, तरी आपल्याकडे झाडं पडली आणि कित्येक गावं काही दिवस अंधारात होती.

आता वादळ कुठे जाणार ते कळत नाही, ती मधली दोन-तीन दिवसांची अवस्था एवढी का छळते? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये 2016 चा एक प्रयोग आहे, कॉम्प्युटरवर दगडाखाली साप निघेल की नाही ते ओळखायचं, निघाला तर हाताला विजेचा झटका. सगळ्यात जास्त ताण कधी दिसला तर शक्यता निम्मी-निम्मी असताना, झटका नक्की बसणार हे माहीत असलेल्यांना त्यापेक्षा कमी ताण होता. म्हणजे मावशीला ‘उगाच काळजी करू नको’ म्हणण्यात काही अर्थ नाही, शरीर अनिश्चिततेला तसंच उत्तर देतं.

पण दिवसभर टीव्हीसमोर बसणं मात्र टाळता येतं. 2013 च्या बोस्टन मॅरेथॉन बॉम्बस्फोटानंतर अमेरिकेत केलेल्या अभ्यासात रोज सहा तास किंवा जास्त बातम्या बघणाऱ्यांमध्ये ताणाची लक्षणं प्रत्यक्ष तिथे असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली होती. मायामीच्या नॅशनल हरिकेन सेंटरचा नवा अंदाज दर सहा तासांनी येतो, हरिकेनच्या सीझनमध्ये आपल्या घड्याळाने सकाळी साडेआठ, दुपारी अडीच, रात्री साडेआठ आणि पहाटे अडीच. वादळ किनाऱ्याजवळ आलं की मध्ये एकेक छोटं अपडेट येतं. पहाटेचं सोडा आणि बाकी तीन वेळा बघा, मधल्या वेळात चॅनलवाले तेच तेच फिरवत असतात.

क्रूझवर असलेल्यांची तशी कमी काळजी करा. हरिकेन साधारण ताशी पंधरा ते तीस किलोमीटरने सरकतं, क्रूझ त्याहून जोरात पळू शकते, त्यामुळे कॅप्टन बंदर रद्द करून वाट वाकडी करतो. मालवाहू जहाजांचं जरा वेगळं, 2015 ला एल फारो नावाचं जहाज हरिकेनमध्ये सापडून बहामाजवळ बुडालं आणि 33 जण गेले.

आणि फोन लागला नाही तर लगेच वाईट मनात आणू नका. 2017 ला मारिया वादळानंतर पोर्तो रिकोतले 95 टक्के मोबाईल टॉवर बंद पडले होते, म्हणजे जवळपास सगळ्या बेटाचाच फोन बंद, आणि त्यातले बहुतेक लोक जिवंत आणि धडधाकट होते. वीज गेली की टॉवर बॅटरीवर काही तास चालतो आणि मग गप्प होतो. म्हणून वादळाच्या आदल्या दिवशीच ठरवून ठेवा की तिथून कोणा एकाला साधा मेसेज करायचा आणि त्याने बाकीच्यांना कळवायचं, नेटवर्क अर्धवट असताना कॉलपेक्षा मेसेज जायची शक्यता जास्त. आणि बोलणं झालं की जनरेटरचं विचाराच. 2020 मध्ये लॉरा वादळ निघून गेल्यावर लुइझियानात घराला चिकटून किंवा गॅरेजमध्ये लावलेल्या जनरेटरच्या कार्बन मोनॉक्साइडने माणसं गेली, त्या वायूला वास नसतो, झोपेत कळतही नाही. जनरेटर घराबाहेर, दारं-खिडक्यांपासून निदान वीस फूट लांब ठेवलाय ना, ते त्यांच्याकडून ऐकून मगच फोन ठेवा.