पुस्तिकेविना शिकवणी: गेम खेळायला कसा शिकवतो

विदर्भातल्या खेड्यांत व्हिडिओ गेम आला तो टीव्हीला जोडायच्या स्वस्त चिनी डब्यातून. पिवळी कॅसेट खोचली की मारिओ सुरू. सोबत माहितीपुस्तिका बहुधा नसायचीच, असली तर इंग्रजीत. तरी पोट्टे भराभर शिकले, कारण शिकवायचं काम गेमच करत होता.

सुरुवातीला असं नव्हतं. १९७१च्या 'कॉम्प्युटर स्पेस' या नाणं टाकून खेळायच्या यंत्रावर यान वळवणं, पुढं ढकलणं, गोळी झाडणं अशी बटणं आणि लांबलचक सूचना होत्या. बारमधल्या गिऱ्हाइकांना ते झेपलं नाही. पुढच्याच वर्षी आलेल्या 'पाँग'वर मोजक्या सूचना होत्या, त्यातली कामाची एकच: गुण हवेत तर चेंडू सुटू देऊ नका. तो तुफान चालला. घरगुती गेमच्या काळात मात्र शिकवणी बरीचशी खोक्यातल्या पुस्तिकेवर गेली.

१९८५च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'चा पहिला टप्पा बघा. मारिओ डाव्या कडेला, उजवीकडे मोकळी जागा. पाय आपोआप तिकडेच वळतात. समोरून शत्रू येतो. धडकलात तर मेलात, पण पुन्हा सुरुवात तिथूनच, एक जीव गेला इतकंच. प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्याला डोकं लावलं की मशरूम निघतं, उजवीकडे सरकतं, पाइपला आपटून परत मारिओकडेच येतं. घाबरून उडी मारावी तर वर ठोकळे, म्हणून बहुतेकांना ते लागतंच, आणि मारिओ मोठा होतो. पुढं दोन जिन्यांमध्ये आधी जमीन असते, त्यानंतरच्या जोडीत खड्डा. चुकायची मुभा आधी, शिक्षा नंतर. करता करता शिकण्याचा हा विचार आपल्याला परका नाही. १९३७ साली वर्ध्याच्याच परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली होती.

गेम त्रिमितीय झाले, बटणं वाढली, तेव्हा वेगळे सराववर्ग आले. १९९६च्या 'टूम रेडर'मध्ये नायिका लाराचं घर, १९९८च्या 'हाफ-लाइफ'मध्ये आख्खा प्रशिक्षण मार्ग. २००७च्या 'पोर्टल'ने धडे पुन्हा खेळातच मुरवले, आणि माझ्या मते तीच खरी वाट.

२०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि गेम पारावरच्या मोबाइलवर आले. आता बोट दाखवून 'इथे दाबा' म्हणणारे गेम पुष्कळ. त्यात हात चालतो, डोकं नाही. पब्जी मोबाइलची युक्ती त्याहून सरस होती: नवख्याच्या पहिल्या सामन्यांत बरेचसे प्रतिस्पर्धी संगणकानेच चालवलेले, कच्च्या नेमाचे असत.